दत्तकासाठी बोटांचे ठसे : सासूबाईंचे उमटतच नाहीत, काय करावं?

शेंगाचटणी
११ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. 'दत्तक' असा शोध घेतला तर जुने चार धागे सापडले, पण सगळे भारतातल्या भारतात दत्तक घेण्याबद्दलचे. आमचं प्रकरण जरा वेगळं आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. दुसरं मूल भारतातून दत्तक घ्यायचं ठरवून दीड वर्ष झालं. नवरा अमेरिकन नागरिक आहे. होम स्टडी, म्हणजे सोशल वर्करने घरी येऊन केलेली आमची तपासणी, झाला आणि आय-८००ए हा अर्ज गेला. भारत हेग करारात, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक घेण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहे म्हणून हा अर्ज. करारात नसलेल्या देशातून मूल आणायचं असेल तर आय-६००ए. मूल कुठलं ते पुढचं पुढे. आधी तुमच्या घरात मूल द्यावं की नाही हे सरकार ठरवतं, त्याचा हा अर्ज. फी ९२० डॉलर.

ह्यात नवराबायकोचेच नाही, तर त्या घरात कायम राहणाऱ्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाचे ठसे लागतात. म्हणजे आईंचेही.

१७ जानेवारीला तिघांना एकाच सकाळी बोलावलं होतं. सरकारी कार्यालय म्हटल्यावर आई इरकली नेसून, केसांना तेल लावून तयार. जागा निघाली पिझ्झाचं दुकान आणि नखांचं पार्लर ह्यांच्या मधली. आत फोन बंद, पत्र आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवा, नंबर घ्या, बसा. माझं आणि नवऱ्याचं प्रत्येकी दहा मिनिटांत उरकलं. चार बोटं एकदम काचेवर, मग अंगठे, मग एकेक बोट गोल फिरवून. पत्रावर शिक्का, तारीख, संपलं.

आईंचं पाऊण तास चाललं. ती बाई अतिशय चांगली होती हे आधी सांगते. बोटं पुसून झाली, फुंकर मारून झाली, ओल्या कागदाने भिजवून झाली, स्वतःच्या दोन्ही हातांत आईंचा हात धरून ऊब देऊन झाली. पडद्यावर आमच्या ठशांत नांगरटीसारख्या रेघा दिसत होत्या. आईंच्या बोटांत नुसता राखाडी डाग. शेवटी जे आलं ते घेतलं आणि म्हणाली, बघू एफबीआय काय म्हणतंय.

आईंनी सोलापुरात तेहतीस वर्षं विड्या वळल्या. भिजवलेलं पान कात्रीने कापायचं, चिमटीने तंबाखू भरायचा, अंगठा आणि दोन बोटांत वळायचं, तोंड नखाने मुडपायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार. त्यावर दोन मुलं शिकली, त्यातलं एक माझ्या घरात आत्ता घोरतंय. रेशनच्या मशीनवरसुद्धा आईंचा अंगठा कधी लागायचा नाही, दरवेळी दुकानदाराशी हुज्जत.

काल पत्र आलं. आमचे दोघांचे ठसे पास, आईंचे 'वर्गीकरण करता येत नाही' म्हणून परत. ५ मार्चला पुन्हा बोलावलंय. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "पुसून गेलंय की गं ते, आता कुठनं आणू?"

कुणाला असा अनुभव आहे का? दुसऱ्यांदाही नाही उमटले तर काय होतं?

---

निवांत_बसलोय
११ फेब्रुवारी, रात्री ११:१५

होम स्टडीच्या वेळी ठसे दिले होते ना? मग परत कशाला? तेच वापरायचे.

---

शेंगाचटणी
११ फेब्रुवारी, रात्री ११:३१

हाच प्रश्न आम्हीही विचारला होता. ते ठसे होम स्टडी करणाऱ्या संस्थेसाठी, राज्याच्या नियमाप्रमाणे. हे इमिग्रेशन खात्यासाठी. एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. शिवाय अठराव्या वर्षापासून ज्या ज्या राज्यात राहिलो तिथल्या बालछळाच्या नोंदवहीत आपलं नाव नाही, हे कागद वेगळे. आम्ही तीन राज्यं फिरलोय. त्यातल्या एका राज्याने उत्तर द्यायला अकरा आठवडे लावले, तो राग वेगळ्या धाग्यात काढेन.

---

टेक्सासची_ताई
१२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

मी चार वर्षं शाळांच्या आणि नर्सिंगच्या लोकांचे ठसे घेण्याचं काम केलंय, त्यामुळे ह्यात थोडं कळतं.

पहिलं, आईंना आजपासून भांडी घासू देऊ नका. हसू नका. गरम पाणी आणि साबण ह्यांच्याइतकं बोटांचं नुकसान दुसरं काही करत नाही. डिशवॉशर असतो घरात, पण आपल्या आया तो डबे ठेवायला वापरतात.

दुसरं, दिवसातून चार-पाचदा क्रीम चोळा, रात्री लावून सुती मोजे हातात घालून झोपवा. हे तीन आठवडे. आमच्याकडे कॉर्न हस्कर्स नावाचं लोशन ठेवलेलं असायचं. तेलकट नसतं, त्याने काचेवर डाग पडत नाही. पण ठसे द्यायच्या दिवशी सकाळी हात स्वच्छ कोरडे. तेल लावलेल्या केसांना तर हात अजिबात लावायचा नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ठसा उमटत नाही म्हटल्यावर माणूस जोर लावतो. जोर लावला की होत्या नव्हत्या त्या रेघाही चपट्या होऊन एकमेकींना चिकटतात. हात सैल सोडायचा, जणू आपला नाहीच. फिरवायचं काम तिचं. बांगड्या भरवताना कासाराकडे हात सोडतो तसा.

थंडीत न्या तर हातमोजे घालून न्या. भरपूर पाणी प्यायला द्या.

---

शेंगाचटणी
१२ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

कासाराचं उदाहरण आईंना लगेच कळलं! आभार. भांड्यांचं मात्र अवघड आहे. डिशवॉशरवर त्यांचा विश्वास नाही, "त्यात खरकटं खरकट्याला धुतंय" असं मत आहे. आणि भाकरी? आठवड्यातून तीनदा तरी ज्वारीची थापतात, कडक भाकरीचा साठा वेगळा.

---

टेक्सासची_ताई
१२ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

भाकरी बंद. तीन आठवडे. परातीवर थापणं म्हणजे पॉलिश पेपरच.

---

डॉ_बिनफीचा
१२ फेब्रुवारी, दुपारी १:२०

ठशाच्या रेघा वरच्या कातडीत दिसतात पण त्यांचा साचा खालच्या थरात असतो. म्हणून घासून गेलेल्या रेघा काम थांबलं की पुष्कळदा परत येतात. गवंडी, शिंपी, विडी कामगार ह्यांना हा प्रश्न नेहमीचा. वय वाढलं की कातडी सैल आणि कोरडी होते, उंचवटे बसतात, त्यामुळे भरून येणं मंदावतं. इसब असेल तर आणखी.

एक औषधही ठसे घालवतं. कॅपेसिटाबिन, कर्करोगावरचं. तळहात-तळपायाची कातडी सोलून निघते. सिंगापूरचे एक बासष्ट वर्षांचे गृहस्थ डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत नातेवाइकांना भेटायला आले, तर ठसेच नाहीत म्हणून विमानतळावर चार तास अडकले. पुढच्या वर्षी वैद्यकीय नियतकालिकात त्यांची हकिकत छापून आली. घरात कुणी हे औषध घेत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

आईंना ह्यातलं काही नसेल तर ताईंनी सांगितलंय तेच करा.

---

गप्पिष्ट
१२ फेब्रुवारी, रात्री ९:५०

थोडं अवांतर. बोटांचे ठसे घ्यायची ही सगळी भानगड आपल्याकडूनच जगात गेलीय. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई ह्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार करून घेतला आणि सहीऐवजी अख्ख्या पंजाला शाई फासून कागदावर उठवून घेतला. हेतू एवढाच की उद्या हा 'सही माझी नाहीच' म्हणायला नको. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं पहिलं कार्यालय निघालं. वर्गीकरणाची पद्धत बसवली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघांनी, नाव लागलं साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं.

लहानपणी आपण बोटांवरची चक्रं आणि शंख मोजायचो, ती हीच वर्गवारी. दहाही चक्रं असली की राजा होतो म्हणत. माझी आठ आहेत, आयटीत आहे.

---

शेंगाचटणी
१३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

गप्पिष्ट, लेकीला हे वाचून दाखवलं. ती आता भिंग घेऊन आजीच्या मागे आहे. आजीच्या डाव्या करंगळीवर एक अख्खा शंख सापडलाय म्हणे. विडीच्या कामात करंगळी लागत नाही, त्यामुळे ती वाचली असणार.

---

रोखठोक_काका
१४ फेब्रुवारी, दुपारी १२:०४

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? मुलाच्या घरात आजी कायमची राहते असं दाखवलंच कशाला? धाकटा मुलगा आहे ना, त्याच्याकडे चार-सहा महिने पाठवा, अर्जातून नाव काढा. तुमचं काम झालं की परत आणा. इथे सगळे असंच करतात.

---

ओहायोत_उन्हाळा
१४ फेब्रुवारी, दुपारी १२:३९

काका, सगळे असं करत नाहीत आणि केलं तर अंगाशी येतं. घरातलं माणूस कमी झालं की होम स्टडी सुधारून द्यावा लागतो, सोशल वर्कर पुन्हा घरी येते. आणि परत आणलं की पुन्हा सुधारून. मधे खोटं सापडलं तर अर्ज नाकारला जातो, आणि दत्तकाच्या बाबतीत लपवाछपवी सापडणं म्हणजे पुढचेही दरवाजे बंद. आमच्या ओळखीत एकांनी 'मुलगा हॉस्टेलला असतो' म्हणून कॉलेजातल्या मुलाला वगळलं होतं. पत्ता घराचा, गाडीचा विमा घराच्या पत्त्यावर. सहा महिने गेले निस्तरण्यात.

पाहुणे म्हणून आलेले आईवडील वेगळे. त्यांचं कायमचं घर भारतात असतं. तरीही होम स्टडीवालीला सांगून ठेवावं.

---

शेंगाचटणी
१४ फेब्रुवारी, रात्री १०:५८

काका, तुम्ही भल्यासाठी लिहिलं असेल. पण धाकटे दीर सोलापुरात आहेत, आणि त्यांच्याकडून आई इकडे आल्या त्यालाच अडीच वर्षं होतायत. दुसरं म्हणजे होम स्टडीत सोशल वर्करने आईंशी तासभर गप्पा मारल्या, नवरा दुभाषा. 'बाळ आलं की कोण सांभाळणार' ह्याला आमच्या अहवालातलं उत्तर आहे आई. ज्या बाईच्या भरवशावर आम्ही मूल मागतोय तिलाच कागदावरून काढायचं?

रागावले नाहीये. थोडी रागावलेय.

---

रोखठोक_काका
१५ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

बरं. मागे घेतो.

---

हरवलेली_छत्री
१५ फेब्रुवारी, सकाळी ११:१२

मुंबईत ग्रीन कार्डचा व्हिसा घेताना आईंचे ठसे घेतले असतील ना? तेव्हा कसे उमटले?

आणि एक माझा प्रश्न. आम्ही दोघंही ग्रीन कार्डवर आहोत. माझ्या मामेबहिणीचं बाळ आम्ही नाशिकला गेल्या वर्षी विधी करून, नोंदणी केलेल्या दत्तकपत्राने घेतलं. आता त्याला इकडे आणायचंय. आम्हालाही हेच ठसे द्यावे लागतील का?

---

ओहायोत_उन्हाळा
१५ फेब्रुवारी, दुपारी २:४५

छत्री, तुमचं प्रकरण ठशांच्या बरंच अलीकडे अडलंय. आय-८००ए भरायला जोडप्यातला निदान एक जण अमेरिकन नागरिक असावाच लागतो. दोघंही ग्रीन कार्डवर असाल तर हा अर्जच नाही. आणि नुसतं दत्तकपत्र दाखवून मुलाला व्हिसा मिळत नाही. हेग करारातल्या देशातून यायचं तर क्रम ठरलेला आहे. आधी इथली मंजुरी, मग भारतातल्या कारा ह्या केंद्रीय प्राधिकरणामार्फत जाऊन त्यांचं ना-हरकत पत्र, मग दत्तकाचा आदेश. मुलाला आधी दत्तक घेऊन मग परवानगी मागितली की गाडी उलटी जुंपली जाते.

नात्यातलं मूल म्हणाल तर बाल न्याय कायद्यात 'नातेवाईक' म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजीआजोबा. मामेबहीण त्यात बसत नाही. वकील गाठा, दोन्हीकडचा, आणि लवकर.

---

शेंगाचटणी
१५ फेब्रुवारी, रात्री ९:२०

छत्री, मुंबईला घेतले होते, पण तिथे कुणी काही बोललं नाही. उमटले की नाही आम्हाला ठाऊक नाही.

---

शेंगाचटणी
६ मार्च, सकाळी ७:५०

काल जाऊन आलो. तीन आठवडे घरात भाकरी नाही, भांडी नवऱ्याकडे, रात्री आईंच्या हातात पांढरे मोजे. लेक त्यांना मिकी माउस म्हणायची. तिसऱ्या दिवशी आईंनी मोजे घालूनच कणीक मळायचा प्रयत्न केला.

ह्या वेळी दुसरी बाई होती. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका स्वच्छ आली. उजव्या हाताची करंगळी बरी. बाकी सात बोटं पूर्वीपेक्षा थोडी बरी, एवढंच. आईंनी हात अगदी कासाराकडे सोडतात तसा सोडला होता. निघताना त्या बाईला म्हणाल्या, "त्रास दिला बाई तुला." मी भाषांतर केलं, तर ती उठून उभी राहिली.

आता वाट.

---

टेक्सासची_ताई
६ मार्च, सकाळी ८:१०

तीन बोटं स्वच्छ म्हणजे प्रगती आहे, पण खोटी आशा दाखवत नाही. दहा बोटांच्या जुळणीला पुरेल असं वाटत नाही.

---

शेंगाचटणी
२४ मार्च, रात्री ८:३३

ताईंचं खरं झालं. दुसऱ्यांदाही परत.

पण रस्ता बंद नाही. दोनदा ठसे नाकारले गेले की गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिलात तिथल्या पोलिसांचं 'ह्यांच्याविरुद्ध काही नोंद नाही' असं पत्र द्यायचं. आईंच्या बाबतीत अडीच वर्षं इथलं टाउनशिप आणि त्याआधीचं सोलापूर.

इथल्या पोलीस ठाण्यात काल गेलो. फॉर्म भरला, आठवड्याने या म्हणाले. सोलापूरचं कसं करायचं? दिरांना पोलीस आयुक्तालयात पाठवू का?

---

ओहायोत_उन्हाळा
२४ मार्च, रात्री ९:०१

दिरांना पळवू नका. आई भारतीय नागरिक, पासपोर्ट भारताचा. तुमच्या भागासाठी न्यूयॉर्कचं भारतीय कॉन्सुलेट, अर्ज व्हीएफएस ह्या कॉन्सुलेटसाठी अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट असं त्याचं नाव, सगळे पीसीसी म्हणतात. चौकशी पासपोर्टवरच्या पत्त्यावर होऊ शकते. तो पत्ता आणि खरा पत्ता एकच आहे ना?

---

शेंगाचटणी
२४ मार्च, रात्री ९:१६

नाही ना. पासपोर्ट काढला तेव्हा भाड्याची खोली होती. पुढे कुंभारीला, गोदूताई परुळेकर घरकुलात राहायला गेल्या. जुन्या वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे.

---

मिठागर
२५ मार्च, सकाळी १०:२०

मी सोलापूरचाच. घाबरू नका. दोन्ही पत्ते अर्जात लिहा, घरकुलाचे कागद आणि विडी कामगाराचं ओळखपत्र जोडा. जुन्या गल्लीत वाडा गेला तरी माणसं गेलेली नसतात. हवालदार येतो, कोपऱ्यावर चहाच्या गाड्यावर विचारतो, आणि पाच मिनिटांत त्याला तुमच्या आईंच्या लग्नापासूनची माहिती मिळते. दिरांना फक्त फोन चालू ठेवायला सांगा.

विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांबद्दल वाचून बरं वाटलं, म्हणजे कुणीतरी लिहिलं म्हणून. माझी आजी शेवटी शेवटी देवासमोरची वात वळायला बसली तरी बोटं विडीच्या मापाने वळायची.

---

शेंगाचटणी
२ एप्रिल, रात्री ११:०५

अर्ज गेला. ह्यात एक गोष्ट कळली ती इथे लिहून ठेवते, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल, कारण आम्हाला ती कुणीच सांगितली नव्हती.

आय-८००ए ची मंजुरी पंधरा महिन्यांची असते. पण ते पंधरा महिने मंजुरीच्या तारखेपासून मोजत नाहीत. ठशांवर एफबीआयचं उत्तर आलं त्या तारखेपासून मोजतात. आणि घरातल्या माणसांची उत्तरं वेगवेगळ्या दिवशी आली असतील तर सगळ्यात आधीचं धरतात. आमचं दोघांचं उत्तर जानेवारीतच आलं. म्हणजे आईंचे कागद सोलापूरहून यायला जितका वेळ लागेल तितके आमचे महिने कापले जातायत. घड्याळ चालू आहे आणि मंजुरी हातात नाही.

म्हणून ज्यांच्या घरात वयस्कर माणूस आहे, किंवा बोटांनी काम केलेलं कुणीही आहे, त्यांनी अर्ज भरायच्या महिनाभर आधीच त्यांची बोटं जपायला लागा. आम्ही पत्र आल्यावर जागे झालो.

---

पुण्याची_पाटी
३ एप्रिल, दुपारी ४:१५

आम्ही पुण्यात दत्तक घेतलं. इथे आम्हाला ठसे द्यावे लागले नाहीत, पण सव्वातीन वर्षं काराच्या पोर्टलवरचा आमचा क्रमांक बघत बसलो. रोज सकाळी चहाआधी लॉगिन. ९०० वरून ८९६. काही दिवस तर उलटा वर जायचा, का ते देव जाणे. तुमची गोष्ट वाचून वाटलं, प्रत्येकाला वेगळ्या काट्यावर बसवलंय. लेक आता चार वर्षांची आहे आणि हे लिहिताना माझ्या पाठीवर चढलीय.

---

शेंगाचटणी
३ जून, सकाळी ६:४०

पीसीसी आलं! मिठागर, तुम्ही म्हणालात तस्संच झालं. हवालदार जुन्या गल्लीत गेला, तिथल्या किराणावाल्याने दिरांचा नंबर दिला, दीर जाऊन कागद दाखवून आले. हवालदाराने विचारलं, "अमेरिकेत म्हातारीनं काय केलं?" दीर म्हणाले, "काही नाही साहेब, बोटं झिजली."

इथल्या टाउनशिपचं पत्र एप्रिलमध्येच आलं होतं. दोन्ही आज पाठवतोय.

---

शेंगाचटणी
२१ जून, रात्री ९:५५

मंजुरी आली. मुदत पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत. पंधरातले पाच महिने असे गेले, हातात दहा.

आईंना दाखवलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्यावर माझा अंगठा कुठाय?" नाही म्हटल्यावर हिरमुसल्या. संध्याकाळी चार महिन्यांची कसर काढून भाकरी झाली. भांडी अजून नवऱ्याकडेच आहेत, ती व्यवस्था मी बदलू देणार नाही.

---

टेक्सासची_ताई
२१ जून, रात्री १०:०३

अभिनंदन! दहा महिने पुरले नाहीत तर मुदतवाढीचा अर्ज करता येतो, आय-८००ए चं सप्लिमेंट ३. १ एप्रिल २०२४ पासून पहिल्या दोन वाढींना फी नाही. मुदत संपायच्या आधी नव्वद दिवसांत भरायचा, त्याआधी घेत नाहीत. मात्र होम स्टडीचा नवा अहवाल आणि ठसे पुन्हा.

---

शेंगाचटणी
२१ जून, रात्री १०:०६

सगळ्यांचे?

---

टेक्सासची_ताई
२१ जून, रात्री १०:०७

सगळ्यांचे.

---

नवीन_सदस्य_४
९ नोव्हेंबर, दुपारी ३:१८

जुना धागा वर काढतेय, माफ करा. आमची ठशांची अपॉइंटमेंट १४ तारखेला आहे, आय-८००ए साठीच. काल नणंदेच्या लग्नात दोन्ही हातांवर मेंदी काढली, बोटांच्या टोकांना भरीव. आत्ता हा धागा वाचला आणि पोटात गोळा आला. मेंदीने अडतं का? आणि शेंगाचटणी, तुमचं पुढे काय झालं?

---

टेक्सासची_ताई
९ नोव्हेंबर, दुपारी ४:०२

ब्रिटनच्या व्हिसाला बोटांच्या टोकांवर मेंदी नको असं स्पष्ट सांगतात. इथे तसा नियम माझ्या पाहण्यात नाही, पण काचेखालून प्रकाश टाकणाऱ्या यंत्राला गडद रंग त्रास देतो हे मी स्वतः पाहिलंय. ती घालवायला दगडाने घासायला जाऊ नका! मेंदी जाईल आणि बरोबर रेघाही. पत्रावर तारीख बदलून घ्यायची सोय दिलेली असते, सरळ दोन आठवडे पुढची मागा.

---

शेंगाचटणी
९ नोव्हेंबर, रात्री ९:४४

ताई म्हणतायत तसंच करा. दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही, आणि तुमचं घड्याळ अजून सुरू झालेलं नाही हे लक्षात घ्या.

आमचं अजून रेफरल, म्हणजे कुठलं मूल ते कळवणारं पत्र, आलेलं नाही. साडेपाच महिने उरलेत. जानेवारीच्या शेवटी सप्लिमेंट ३ भरायची खिडकी उघडेल, तोवर नाही आलं तर आईंची बोटं पुन्हा काचेवर. त्यामुळे दिवाळी झाली तशी भाकरी पुन्हा बंद केलीय. लेकीचं भिंग चालू आहे, उजव्या तर्जनीवर 'काहीतरी चक्रासारखं' दिसतंय असा तिचा दावा आहे. आईंना त्यात फारसा रस नाही. त्या बाळाला घालायच्या टोपड्याची लोकर उसवून तिसऱ्यांदा विणतायत, माप ठरत नाही म्हणून.

लोशनची मी एकदम तीन बाटल्यांची पेटी मागवली होती. एक न उघडलेली आहे. एडिसनच्या आसपास असाल तर घेऊन जा, व्यक्तिगत निरोप करा. लवकर या मात्र, उघडलेली बाटली आई पायांच्या भेगांना लावतात आणि ती संपत आलीय.